वाणात गेलेली कादंबरी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कौशल्याबाई वानखडे कधी प्लॅस्टिकचे डबे वाटत नसत. अमरावतीतल्या त्यांच्या महिला वाचनालयातली जादा पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून त्या वाण म्हणून देत. जिच्या हाती जे येईल ते तिचं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वाचनालय हाच त्यांचा संसार होता. खोली जानरावांची, बिनभाड्याची.

यंदा जानरावांच्या नव्या सुनेच्या, अकोल्याच्या आकांक्षाच्या, हाती एका जुन्या फ्रेंच कादंबरीचा अनुवाद गेला. नवऱ्याला विटून परपुरुषात जीव गुंतवणाऱ्या बाईची गोष्ट.

आठवड्यातच जानराव वाचनालयात आले.

"बाई, तुमी मास्तरीण. या पुस्तकावर त्यायच्याच देशात खटला झाला होता, नीती बिघडवते म्हणून. नितेशनं मोबाइलवर पायलं."

"लेखक निर्दोष सुटला, ते नाही पाहिलं तुमच्या मुलानं?"

"सुटला, पण कोर्टात उभा राह्यलाच ना. ते पुस्तक वापस मागा."

"तुमच्याच घरात आहे. तुम्हीच घ्या की."

जानराव चाचरले. "सुनेच्या हातचं वाण काढून घ्याचं कसं? घरातली म्हणते, अपशकुन होते. तुमी देलं, तुमीच मागा. नाही तर खोली खाली करा."

दुपारभर बाई कपाटांपुढे येरझारा घालत राहिल्या. बडनेऱ्याला बहिणीकडे पडवी होती, पण तिथवर बायका थोड्याच येणार? एका पुस्तकापायी सगळं घालवायचं? चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

आकांक्षानं दार उघडलं तेव्हा तिचं बोट पुस्तकातच होतं.

"पुस्तक न्याले आल्या का, मॅडम? हे रागावून राहिले. म्हणतात, यातून तुले काय शिकाचं आहे?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तुमी अगोदर वाचा. ती बाई चुकते ते दिसून राहिलं मले. पण काहून चुकते, तेबी दिसून राहिलं."

आतून जानरावांचा खोकला आला. बाईंच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिथंच राहिलं.

"किती उरलं?"

"अर्धं."

"वाच." मग त्यांनी आवाज चढवला. "जानराव, वाचनालयाच्या पुस्तकाला मुदत असते, ते मी मागू शकते. वाणाला मुदत नसते."

"मंग खोली?"

"रविवारी रिकामी करून देते."

परतताना त्या वाचनालयात येणाऱ्या एकेकीचं घर मनात मोजत होत्या. कोणाच्या घरी किती कपाटं मावतील, ते काही जुळेना, आणि त्या पुन्हा पहिल्या कपाटापासून सुरुवात करत होत्या.