कवळी काढायला लावली तो फोटो

ज्या फोटोच्या जिवावर मला शिकवायची नोकरी मिळाली, तो फोटो खोटा आहे. हे एक वाक्य लिहायला मला पंचवीस-तीस वर्षं लागली, यावरून माझ्या धाडसाचा अंदाज यावा.

फोटो एका म्हातारीचा. काळा-पांढरा, चांगला दोन हात उंच. आत ओढलेले ओठ, बसलेले गाल, मागे मोडक्या गोठ्याची फळी. प्रदर्शनात लोक एका हातात चहा, दुसऱ्या हातात बिस्किट घेऊन त्याच्यासमोर हळहळले होते. अभिप्रायाच्या वहीत कुणीतरी ‘दारिद्र्याचं महाकाव्य’ असं लिहून गेलं. ते मी घरी येऊन आईला पाठ म्हणून दाखवलं होतं.

आता हे दारिद्र्य कसं होतं तेही सांगतो. म्हातारी वसईजवळच्या निर्मळ गावची. केळीची बाग, सोनचाफ्याची झाडं, विहिरीवर विजेची मोटर, ओटीवर रंगीत टीव्ही. आमच्या विरारच्या फ्लॅटमधला टीव्ही तेव्हा काळा-पांढराच होता, आणि पाणी टँकरचं. म्हणजे दारिद्र्य जर कुठे असलंच, तर ते कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. मी मुंबईला कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्ट होता व्यक्तिचित्राचा: एक माणूस, एक रोल, छत्तीस फोटो. सगळ्यांची मिळून एक कॉन्टॅक्ट शीट काढायची, म्हणजे एकाच कागदावर छत्तीसच्या छत्तीस, निगेटिव्हच्याच आकाराचे. मग सर त्यातला एक निवडणार. सर म्हणाले, “चेहरा असा शोधा, की त्यावर काळ दिसला पाहिजे.” झालं. दुसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग खांद्याला झोळ्या अडकवून सुरकुत्या गोळा करत सुटला. स्वतःची आजी कुणालाच चालत नव्हती. स्वतःची आजी चष्मा लावून मालिका बघते. तिच्यावर कसला आलाय काळ!

मी सायकल काढून निर्मळला गेलो. म्हातारी ओटीवर चाफ्याची फुलं केळीच्या पानात बांधत होती. मी शक्य तितका नम्र चेहरा करून म्हटलं, “आजी, तुमचे फोटो काढू?”

“कुणाचा रे तू?”

“विरारचा.”

“विरारचा कुणी नसतो. गाव कुठलं?”

“राजापूरकडे.”

“मग तिकडच्या म्हाताऱ्या काय संपल्या?”

आतून तिची सून हसली. पण म्हातारी तयार झाली, आणि का झाली तेही तिने लगेच सांगून टाकलं. दोन महिन्यांपूर्वी तिने वसईच्या डॉक्टरकडून कवळी करून घेतली होती. दात तरुणपणीच गेलेले. तेव्हापासून घरातल्या एकूण एक लग्नाच्या फोटोत ती तोंडावर पदर धरून उभी. मुलाच्या लग्नातसुद्धा. “माझा असा फोटोच नाही बघ,” ती म्हणाली. “मेल्यावर भिंतीला काय लावतील, पदर?”

तीस फोटो काढले. ती हसली, सुनेला ओरडली, मोटर बंद करायला सांगितलं, मला माझ्या पगाराचं विचारलं, पगार नाही म्हटल्यावर माझ्या बापाचा विचारला. मी वैतागत गेलो. मला हवा होता काळ, आणि समोर बसली होती एक सुखवस्तू, बोलघेवडी बाई, तोंडभर पांढरेशुभ्र दात. सर हा रोल माझ्या तोंडावर फेकणार, हे मला दिसत होतं.

सहाच फोटो उरले होते तेव्हा मी म्हणालो, “आजी, जरा कवळी काढता का?”

सून दारात आली. “का हो? चांगली बसलीय की.”

“नाही, म्हणजे... जरा नॅचरल येईल.”

“नॅचरल म्हणजे काय?” म्हातारीने विचारलं.

मी काहीतरी बोललो. चेहरा, खरेपणा, असलं काहीबाही. तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला वाटलं, तिला काही कळलेलं नाही. आता वाटतं, तेवढ्यात तिने मला पुरता वाचून काढलं होतं.

“तुझ्या मास्तरांना बोळकी आवडतात होय रे? बरं. हे सहा तुझे. पण आधीच्यातला एक माझा. मोठा करून, काचेत घालून द्यायचा. कबूल?”

“कबूल, आजी.”

सुनेने वाटीत पाणी आणलं. म्हातारीने पाठ वळवून कवळी काढली आणि वाटीत ठेवली. मी तिला मागच्या मोडक्या गोठ्यापाशी नेलं. गोठ्यात तेव्हा फक्त खताच्या गोणी होत्या, त्या बाजूला सारल्या. गळ्यातली सोन्याची माळ पदराखाली घ्यायला लावली. बिनदातांची ती बोलायला लाजत होती, म्हणून गप्प बसली. हेच ते गप्प बसणं. पुढे लोकांनी त्यात ‘शतकांचं मौन’ वगैरे बघितलं.

कॉन्टॅक्ट शीट मी घरच्या बाथरूममध्ये काढली. पण ती धुवायला वाहतं पाणी लागतं, आणि आमच्याकडे दिवसाला तीन बादल्या. म्हणून ओली शीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून सायकलवरून थेट म्हातारीच्या विहिरीवर. तिने मोटर लावून दिली आणि बघत उभी राहिली.

“पाणी आमचं, तोंड आमचं,” ती म्हणाली. “तुझं काय रे ह्यात?”

शीट धुऊन झाल्यावर मी तिच्या हातात भिंग दिलं. “ही काय, पोस्टाची तिकिटं?” म्हणून तिने आधी थट्टा केली. मग ओटीच्या पायरीवर बसून एकेक फोटो बघत गेली. इतक्या सावकाश मी ती शीट स्वतःही बघितली नव्हती. शेवटच्या ओळीतले सहा तिने बघितलेच नाहीत. तिथे अंगठा ठेवला. मग सुनेला हाक मारली.

“हा बघ. एकवीस नंबर. ह्यात मी तुला सांगतेय, वरण उतू जातंय.”

सुनेने भिंगातून बघितलं. “अगदी तश्शाच आलात, आई.”

एकवीस नंबरच्या कडेला मी पेनाने ठिपका दिला.

सरांनी त्या ठिपक्यावरच लाल पेन्सिलीने फुली मारली. “हे काय, टूथपेस्टची जाहिरात?” वर्ग हसला. मीही हसलो, सगळ्यात मोठ्याने. पहिल्या पाच ओळींवर तीस फुल्या पडल्या, आणि शेवटच्या ओळीतल्या एका फोटोभोवती गोल. “हा!” सर म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत, पण माझी छाती फुगायला तेवढा एक ‘हा’ पुरला.

आमच्या वर्गात एक थोर प्रथा होती. निवड झाली, की नको असलेल्या निगेटिव्ह सगळ्यांसमोर कात्रीने कापून टाकायच्या. ‘मोह नको’ म्हणे. विशी-एकविशीची पोरं, कसला मोह आणि कसला संन्यास! निगेटिव्ह सहा-सहा फोटोंच्या पट्ट्यांत असतात. माझ्या सहा पट्ट्या होत्या. पाच मी कापल्या, बारीक बारीक, टेबलावर उभं राहून. टाळ्या पडल्या.

आता कबुली. म्हातारीचा फोटो आधी काढून घेता आला असता. डार्करूममध्ये अर्ध्या तासाचं काम. मला वेळ होता, कागद होता. मी विसरलोही नव्हतो. मला तो फोटो नको होता, एवढंच. तो भिंतीवर लागला असता, आणि उद्या कुणी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले असते, तर माझं महाकाव्य तिथल्या तिथे कोसळलं असतं. दात असलेली म्हातारी जगात कुठेच उरू नये अशी माझी इच्छा होती. कात्री चालवताना हे मला नीट माहीत होतं.

ती भेटली की विचारायची, “माझा झाला का रे?” मी म्हणायचो, कागद संपलाय. मग म्हणायचो, परीक्षा आहे. मग मी वाटेतल्या आगाशीहूनच परत फिरायला लागलो, निर्मळला गेलोच नाही. प्रदर्शनात त्या फोटोला बक्षीस मिळालं तेही तिला सांगितलं नाही.

दोन वर्षांनी तिचा मुलगा स्कूटरवरून आमच्या बिल्डिंगखाली आला. तीन जिने चढून दम लागलेला, डोकं भादरलेलं. “आई गेली,” तो म्हणाला. “तेराव्याला फोटो लावायचाय. तुझ्याकडे आहे, असं ती सांगायची.”

मी म्हणालो, “काका, त्या रोलमध्ये उजेड शिरला. फिल्म खराब झाली. एवढा एकच वाचला.” आणि प्रदर्शनातला तो फोटो, फ्रेमसकट, त्याच्या हातात दिला.

त्याने फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग “बरं,” म्हणाला आणि काखेत धरून जिना उतरला.

पुढची दहा-बारा वर्षं मी त्याच फोटोची दुसरी प्रत वर्गात लावून मुलांना ‘माणसाकडे कसं बघावं’ हे शिकवलं. छान शिकवायचो. एका वर्षी एक मुलगी उठून म्हणाली, “सर, आमच्याकडून कॉन्टॅक्ट शीट मागता. ह्याची तुमची दाखवा ना.” मी म्हणालो, हरवली. ती हरवली नव्हती. कपाटात प्रमाणपत्रांच्या खाली होती. त्या रविवारी मी ती काढली आणि निर्मळला गेलो.

घर बदललं होतं, ओटीला ग्रिल लागलं होतं. भिंतीवर माझा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. काका खुर्चीत होते, पाय सुजलेले. काकू, म्हणजे तीच सून, गजरे ओवत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: उजेड शिरला नव्हता, निगेटिव्हच्या पाच पट्ट्या मीच कापल्या.

काका म्हणाले, “ते तेव्हाच कळलं.”

“कसं?”

“उजेडाला काय डोळे असतात रे? पाच पट्ट्या खातो आणि तुझी तेवढी सोडतो!”

मला बसायलाही कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी बसलो. शीट काकूंपुढे धरली. म्हणालो, “आता कॉम्प्युटरवर मोठा करता येतो, काकू. लाल फुलीही काढता येईल. एकवीस नंबर. उद्या आणून देतो.”

काकूंनी चष्मा पुसला. फोटो सापडायला त्यांना भिंग लागलं नाही. “वरण,” त्या म्हणाल्या. मग शाळकरी नातीला बोलावून बोट दाखवलं. “ही कोण, ओळख.”

नातीने बघितलं. “तुझी मैत्रीण?”

“पणजी तुझी.”

“हॅट्! पणजी ती आहे.” तिने भिंतीकडे बघितलं. “बोळकी पणजी. हिला तर दात आहेत.”

काका हसले की खोकले, मला कळलं नाही.

“राहू दे आता,” काकू मला म्हणाल्या. “मोठा करून कुणाला दाखवायचा? आम्ही दोघं गेलो की हिला ओळखणारं कोण आहे?”

गजऱ्याचा दोरा कापायची कात्री त्यांच्या मांडीवरच होती. त्यांनी शीटच्या मधोमध कात्री घालून एकवीस नंबर चौकोनी कापून घेतला, लाल फुलीसकट, आणि कमरेच्या बटव्यात टाकला. मग उरलेली शीट, मध्ये भोक पडलेली, माझ्या हातात दिली.

“हे घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “शिकवायला लागेल तुला.”