सीलबंद बाटलीतला वास

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. हिंगोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. मे महिन्यातल्या एका दुपारी फोन आला.

"साहेब, आमच्या वहिनीनं म्हाताऱ्याला फवारणीचं औषध पाजलं. लवकर या."

म्हातारा मेंढ्या राखणारा. रानातून आला, सुनेनं दिलेलं पाणी प्यायला आणि उलट्या सुरू झाल्या. त्याला हिंगोलीला दवाखान्यात हलवलं होतं. उलटीला औषधाचा वास आहे, असं डॉक्टरांनीही कळवलं. चूल वेगळी करण्यावरून घरात धुसफूस होती, हे गल्लीनं न विचारता सांगितलं. आम्ही पोहोचण्याआधीच गावानं निकाल देऊन टाकला होता.

सुनेला महिला शिपायाबरोबर ठाण्यात आणलं. मी फिरवून फिरवून विचारलं, पण तिचा जबाब बदलला नाही.

"नळाला पाणी न्हवतं, म्हणून दुकानातून बाटली आणली. मी काहून औषध पाजीन?"

"बाटली उघडली कोणी?"

"मामांनीच. झाकण करकर वाजलं. दोन-चार घोट घेतले आन म्हणले, पोरी, पाण्याला वास येऊन राहिला."

दवाखान्यातल्या हवालदाराला म्हाताऱ्याकडे चौकशी करायला लावली. तो शुद्धीवर होता. "व्हय, झाकण मीच फोडलं," तो म्हणाला.

मग बंद बाटलीत औषध गेलं कसं?

पंच घेऊन मी थेट दुकान गाठलं. पुढे किराणा, मागे पत्र्याचं गोदाम. आत पाय टाकताच डोळे चुरचुरले. फवारणीच्या औषधाचे डबे आणि पाण्याची खोकी एकाच भिंतीला लावलेली. एक डबा पाझरून खोक्यांवर सुकला होता. एक सीलबंद बाटली पंचांसमोर उघडली. तोच वास. छापलेली मुदत केव्हाच उलटून गेली होती.

दुकानदार हसला. "पाणी कधी नासतं का साहेब? विहिरीवर कोणी तारीख लिहितं?"

माल जप्त करून नमुने प्रयोगशाळेत पाठवले. अन्न निरीक्षकांनी मला नीट समजावलं. "पाण्याला मुदत नसते, ती बाटलीची असते. उन्हानं प्लास्टिक खराब होतं, त्यातले घटक पाण्यात उतरतात. बाहेरचा उग्र वास, औषधाची वाफही प्लास्टिकमधून आत शिरते. म्हणून तारीख छापतात आणि उन्हापासून, वासापासून लांब ठेवा असं लिहितात."

अहवालात पाण्यात औषधाचा अंश निघाला. गुन्हा दुकानदारावर दाखल झाला. म्हातारा वाचला.

पण खरा संताप येतो तो पुढे घडलं त्याचा. दुकानदार जामिनावर सुटला आणि लोक पुन्हा त्याच्याच दुकानी जाऊ लागले. सुनेच्या हातचा चहा मात्र गल्लीतली एकही बाई घेईना. फोन करणाऱ्या तिच्या दिराला मी ठाण्यात बोलावून विचारलं, वहिनीची माफी मागितली का? तो म्हणाला, "सगळेच म्हणून राहिले होते, म्हणून मीबी म्हणलो."

घरात विषबाधा झाली की बोट पहिल्यांदा सुनेकडे जातं. कारखान्याच्या झाकणावर विश्वास, आणि रोज भाकर करून घालणाऱ्या बाईवर नाही. त्यानंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक अंमलदाराला मी सांगत आलो: गावानं आरोपी हातात आणून दिला, तर तपास तिथून सुरू होतो, तिथं संपत नाही.