पाण्याचं कारण

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. निवृत्तीनंतर वरोऱ्याला राहायचं ठरलं होतं, मग चंद्रपूर कसं काय, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, तिथे पाणी नव्हतं. हे इतक्यांदा सांगितलं की पुढे पुढे मलाच ते खरं वाटू लागलं. आज लिहायला बसलो आहे तरी सगळं ओळीनं आठवेल असं नाही. जे आठवतं त्यातलं खरं किती आणि माझ्या सोयीचं किती, हेही मला धड कळत नाही. पण पाणी होतं. एवढं आधीच सांगून टाकतो.

अहेरीकडच्या एका गावात मी आणि माझे एक सहकारी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. अकरा वर्षं एकाच शाळेत, आणि खोल्याही शेजारी शेजारी. एकमेकांना आम्ही गुरुजीच म्हणायचो, बाहेरही आणि घरातही. त्यांचं घर बौद्ध, आमचं हिंदू, शेतीवाडीचं. माझी बायको माहेरी गेली की दोन्ही वेळा मी त्यांच्याकडे जेवायचो. त्यांच्या बाई तळ्यातली मासळी आणून रस्सा करायच्या आणि मी दुसऱ्यांदा भात मागून घ्यायचो. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी जे केलं त्याच्याशी याचा मेळ कसा बसतो, हे मला आजवर समजलेलं नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त होणार होतो. नव्वदचं दशक निम्म्यावर आलं होतं. एका दुपारी शाळा सुटल्यावर गुरुजींनी फळा पुसला आणि रकाने आखले. गाव, डॉक्टर, रेल्वे, पाणी, दूध, शेजार. प्रत्येकाला दहापैकी मार्क. अहेरीला डॉक्टरच्या रकान्यात तीन मिळाले, कारण साध्या एक्स-रेसाठीही चंद्रपूर गाठावं लागे आणि पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की एस.टी. अडकून पडे. नागपूरला माझा मुलगा होता, म्हणून मी ते नाव सुचवलं. गुरुजी म्हणाले, तिथे मेलो तर शेजाऱ्याला तिसऱ्या दिवशी समजेल, आणि 'शेजार'च्या रकान्यात एक मार्क टाकला.

वरोरा त्यांच्या गावाजवळचं. स्टेशनपासून पायी जाता येईल अशी एक जागा त्यांनी हेरून ठेवली होती. ती दोघांनी अर्धी अर्धी घ्यायची, आणि मधल्या हद्दीवर दोन्ही घरांत मिळून एकच विहीर. 'शेजार'च्या रकान्यात त्यांनी वरोऱ्याला दहापैकी दहा दिले.

"मायाकडून दहा," ते म्हणाले. "मले शेजारी तुमी भेटून राह्यले. तुमाले मी. तुमी तुमचे द्या."

मी खडू घेऊन त्यांच्या दहाखाली दहा लिहिले.

दिवाळीच्या सुटीत मी जागा पाहायला गेलो. आमच्याकडे पाणी पाहिल्याशिवाय जागा घेत नाहीत. तळहातावर नारळ आडवा ठेवून माणूस जमिनीवर चालतो, नारळ जिथे उभा राहील तिथे पाणी. गुरुजींचा यावर विश्वास नव्हता. तुमचा नारळ काय म्हणते ते ऐकून या, नाही उभा राहिला तर चटणी करू, असं म्हणून ते घरी राहिले. मी बायकोच्या मोठ्या भावाला सोबत घेतलं.

नारळ उभा राहिला. मधल्या हद्दीपासून दोन पावलांवर. पाणी पाहणारा म्हणाला, तीस फुटांच्या आसपास लागेल. मला आनंद झाला, हे मला पक्कं आठवतं. मेहुणे मात्र जमिनीकडे पाहत नव्हते. ते आजूबाजूची घरं पाहत होते. कोपऱ्यावर छोटं विहार होतं, दारांवर निळे झेंडे होते. एस.टी. स्टँडकडे परतताना ते म्हणाले, "जवाईबापू, पाणी चांगलं हाय. पण वस्ती पाह्यली काय? पोरीले पाहाले पाहुणे येतीन, तवा पत्ता काय सांगान?"

धाकटी मुलगी लग्नाची होती. मी म्हणालो, पाहू.

त्या 'पाहू'पाशी माझा गोंधळ सुरू होतो. मला ते बोलणं तेव्हा वाईट वाटलं होतं की बरोबर वाटलं होतं? दोन्ही वाटलं असावं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, दादाचं सोडा, तुम्ही म्हणाल तिथे राहू. तेवढं बोलून ती तांदूळ निवडत बसली. तिच्या गप्प बसण्याला मी तिचा नकार समजलो. खरं तर तिला गुरुजींच्या बाईंचा माझ्याहून जास्त लळा होता. मग नकार कोणाचा होता? मेहुण्यांनी तर एक प्रश्न विचारून विषय सोडून दिला होता.

सुटी संपल्यावर गुरुजी वर्गात हजेरी भरत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं की तिथे पाणी लागत नाही. नारळ उभा राहिला नाही.

त्यांनी पेन खाली ठेवला. "चटणी केली काय मंग?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"पाण्याचं कारण हाय, गुरुजी?"

"हव," मी म्हणालो.

त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत. वरून कोणी ओतेल तेव्हा ओंजळीत घ्यायचं. हे त्यांनीच मला एकदा जेवताना सांगितलं होतं. सांगायला कितीतरी कारणं होती. डास, जिनिंग गिरणीतून उडणारा कापूस, मुलाचा नागपूरचा आग्रह. त्या माणसापुढे मला पाण्याचंच कारण कसं सुचलं? मी त्याचा फार विचार केला आहे.

आम्ही निवृत्त झालो. मी चंद्रपूरला आमच्या लोकांच्या कॉलनीत घर घेतलं. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, शेजारी कोण राहतं ते विचारावं लागतं. मुलीचं लग्न झालं. पाहुण्यांनी आमचा जुना, नवा, कुठलाच पत्ता विचारला नाही.

गुरुजींनी वरोऱ्याला घर बांधलं. एके दिवशी त्यांचं पोस्टकार्ड आलं. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात चारच ओळी. विहीर खणली. बत्तीस फुटांवर पाणी लागले, गोड आहे. जागा ठरल्याप्रमाणे मधोमधच धरली आहे. तुमचा अर्धा भाग मालकाला सांगून थांबवून ठेवला आहे, कळवावे.

माझं खोटं त्यांनी खरं मानलं होतं, आणि अडचण दूर करून मला बोलावत होते? की त्यांना त्याच दिवशी सगळं समजलं होतं, आणि हे त्यांचं उत्तर होतं? कधी एक वाटतं, कधी दुसरं. उत्तर काय लिहावं हे ठरेना, म्हणून मी लिहिलंच नाही. दोनेक वर्षांनी कळलं, माझ्या त्या अर्ध्या भागात दुसऱ्या कोणीतरी घर बांधलं.

त्यांना अर्धांगवायू झाल्याचं ऐकलं तेव्हा मी पॅसेंजरने वरोऱ्याला गेलो. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. बाईंनी पाण्याचा गडू दिला. मी पाणी पिईपर्यंत ते माझ्याकडे पाहत राहिले.

"गोड हाय ना?"

"हव," मी म्हणालो.

मग मी गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारलं. मालिश कोण करतं, तेही विचारलं. शाळेत आता कोण आहे, याच्या गोष्टी निघाल्या. उठताना ते म्हणाले, "बसा ना, काऊन घाई करून राह्यले?" गाडीची वेळ झाली, असं सांगून मी निघालो. गाडीला दीड तास होता. तो मी फलाटावर बसून काढला. पुढच्या उन्हाळ्याआधीच ते गेले. मला समजलं तेव्हा तेरा दिवस उलटून गेले होते.

त्या दिवशी त्यांना भेटायला जाताना भांदक स्टेशन मागे पडल्यापासून मी वाक्यं जुळवत होतो. ती अजून तशीच्या तशी पाठ आहेत: गुरुजी, मी तुमाले खोटं सांगतलं. कारण पाण्याचं नव्हतं. कारण काय होतं, ते मले अजून नीट सांगता येत नाई. पण तुमी दहा मार्क देले होते, अन् मी पाय मागे घेतला. मायं चुकलं. मले माफ करा.