आईचा तुकडा, ताईची काच

भूतबित मी कधीच मानलं नाही. बोरीवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बारा वर्षं टेक्निशियन आहे. माणसांचे तुकडे मेणात घालून कापायचे हेच माझं काम. घाबरून कसं चालेल? पण आता घाबरते.

थायरॉइडचा कॅन्सर असला की आम्ही पेशींना एक स्टेन, म्हणजे खास रंग लावतो. तपकिरी रंग चढला तर त्या पेशी अजून थायरॉइडसारख्याच आहेत, उपचार लागू पडायची आशा असते. कोऱ्या राहिल्या तर अवघड. स्टेन नीट झालाय ना, हे कळायला पेशंटचा तुकडा ठेवलेल्या प्रत्येक काचेच्या टोकाला चांगल्या थायरॉइडचा एक तुकडा लावतात - कंट्रोल. आमचा कंट्रोल म्हणजे माझी आई. तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनेच हौसेने सांगितलेलं, "ठेव गो, माझो कायतरी उपयोग होवंदे." ती जाऊन तीन वर्षं झाली, तरी मेणातल्या तिच्या तुकड्याचा पातळ काप रोज रंगायचा.

मार्चमध्ये ताईच्या थायरॉइडची बायोप्सी आली. दुपारी काच मायक्रोस्कोपखाली घातली... ताईच्या पेशी छान तपकिरी! मी रडायलाच लागले. कंट्रोल न बघताच तिला फोन केला. मग काच सरकवली. आईचा तुकडा कोरा.

"कंट्रोल फेल म्हणजे सगळं बाद, तुला सांगायला हवं का?" आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या. "परत लाव."

परत तेच. त्याच ट्रेमधल्या बाकीच्या काचांवर आई रंगलेली, फक्त ताईशेजारी कोरी. तिसऱ्यांदा मॅडमनी दुसऱ्याच कुणाचा तरी कंट्रोल लावायला सांगितला. तो रंगला, ताईच्या पेशी कोऱ्या. रिपोर्ट त्यावरूनच गेला.

ताईला मीच सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे ना, मी तुझं पहिलंच खरं धरते."

आणि रिपोर्टच्या मानाने ती फारच बरी आहे. डॉक्टरही चकित झालेत.

पण ती पहिली काच मी रोज काढून बघते. वर कव्हरस्लिपची पातळ काच पक्की चिकटवलेली, आत नवा रंग चढणं शक्यच नाही. सोमवारी आईच्या तुकड्याची कड तपकिरी दिसली... आणि ताईच्या तुकड्याची तेवढीच कड फिकी. मॅडमनी याच काचेचा मार्चमध्ये काढलेला फोटो शेजारी लावून बघितला आणि तीच कड बोटाने दाखवून काच माझ्या हातात दिली.

आज आईची तपकिरी कड वाढलीये, ताईची फिकीही तेवढीच. दुपारीच ताईचा फोन आलेला, "दोन चपात्या खाल्ल्या गं आज!" मी म्हटलं, झकास.

हे कशाने होतंय, मला माहीत नाही. मला फक्त एवढंच हवंय, आईने अजून थोडं थांबावं.