मशीन ठीक असताना केलेली मोजणी

मित्रांनो, माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झाला आहे. त्याला भरती करायचं की नाही, हे आज प्लेटलेट्सच्या आकड्यावर ठरणार होतं. सकाळी आमच्या सदर भागातल्या लॅबमध्ये गेलो, तर रक्त तपासायची मशीनच बंद.

"आता काय करून राहिल्या, दीदी?" मी टेक्निशियनबाईंना विचारलं.

"मायक्रोस्कोपखाली मोजून राहिली. बसा भैया."

मशीन चालू असतानाही त्या रोज एक नमुना हातानं मोजतात आणि मशीनच्या आकड्याशी ताडून पाहतात. शेजारचा सहकारी हसला, "आम्ही चिडवायचो, दीदीचा मशीनवर भरोसा नाही!"

"मशीनवर आहे. माझ्या हातावर राहावा म्हणून मोजते."

तासाभरात आकडा मिळाला. भाऊ दुपारीच भरती झाला.

तुमच्या ऑफिसात असा सराव कोण करतं? आणि त्यांना हसणाऱ्यांत तुम्ही आहात का?