पायपुसणी वर, आम्ही खाली

मंडळी, आज जे झालं ते आत्ताच लिहिते.

काल्हेरला खाडीच्या कडेला आमचं गोडाऊन आहे. मी तिथे पॅकिंगला. आत शिरताना प्रत्येकीचा मोबाईल गेटवर वॉचमनकडे जमा करावा लागतो. आत फोन चालत नाही, हा नियम.

आज दुपारी सुपरवायझर धावत आला. "सगळा माल वरच्या मजल्यावर चढवा, चलो, जल्दी!" का, तर म्हणे शेठचा फोन आलाय. आम्ही बारा बायकांनी तासभर खोकी वर वाहिली. शेवटचं खोकं गेल्यावर त्याने जिन्याच्या ग्रिलला कुलूप लावलं आणि आम्हाला परत खाली पॅकिंगला बसवलं.

सुटल्यावर फोन हातात आला. आईचे एकोणीस मिस्ड कॉल, आणि दोन व्हॉइस मेसेज. पहिला: "पोरी, सुनामीचा इशारा आलाय. खाडीचं पाणी चढणार हाय. उंचावर जा गं!" दुसरा रडत. "इशारा मागं घेतलाय. आता तरी फोन उचल."

मी सुपरवायझरला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पाणी आलं का? न्हाय ना? मग उद्या टायमावर ये."

वॉचमन मान खाली घालून म्हणाला, "दीदी, सबके फोन एक साथ बज रहे थे. सेठ बोले, ड्रॉवर में डाल दो."

त्या खोक्यांत काय होतं, सांगू? पायपुसणी. तुम्ही दारात टाकता ती.