तुळशीतल्या काळ्या देवाची रेघ

मंडळी, आज आमच्या घरी देवाची परीक्षा झाली, तीसुद्धा देवाला विचारून!

बाबा डिचोलीत खाणीवर ट्रक चालवायचे, तेव्हा त्यांनी आणलेला काळा, चकचकीत दगड आमच्या तुळशीत आहे. आई त्याला रोज फूल वाहते. मी कॉलेजात भूशास्त्र शिकते. खनिज ओळखायला ते खरबरीत पांढऱ्या फरशीवर घासून रेघेचा रंग बघतात. आज मी फरशी घेऊन तुळशीपाशी बसले.

"देवाक घासतलंस? खुळावलंस की काय?" आई ओरडली. मग तीच म्हणाली, "आदी कौल लावूया."

तिने दगडाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार. आधी डावी हलली. पण पडली उजवीच!

मी हळूच घासलं. दगड काळा, पण रेघ तांबडी! "हेमटाइट! लोखंडाचं खनिज!" मी नाचायलाच लागले.

आईने ती तांबडी पूड बोटावर घेऊन आधी आपल्या कपाळाला लावली, मग माझ्या. म्हणाली, "तुका खनिज गावला, माका देवाचा कुंकू."

मी अजून कपाळ पुसलेलं नाही. तुमच्याकडे आहे का असा न घासलेला देव?